उंबऱ्याचा पत्रा

गिऱ्हाईक गाडीची रडकथा सांगायला लागलं की ठोकेकाका त्याच्याकडे बघायचेच नाहीत. ते थेट गाडीशी बोलायचे. हातात करंगळीएवढ्या तोंडाची हातोडी, कानामागे खडू. वीतभर अंतरावर एक ठोका, मान कलती, की पुढचा ठोका. पत्रा शाबूत असला तर ठण्ण. आतून गंजला असला तर बद्द. बद्द वाजलं की तिथे खडूचा गोल. वरचा रंग कितीही तुकतुकीत असो, काकांपुढे त्याची डाळ शिजायची नाही. चाळीस वर्षं हेच केल्यावर त्यांचं खरं नाव बायकोखेरीज सगळे विसरले होते.

मग एका गाडीने घात केला. वाटेत टायर बसला म्हणून मालकाने दाराखाली जॅक लावला, आणि तो बिस्किटात बोट जावं तसा पत्र्यात घुसला. दाराखालच्या त्या पट्टीला काका गाडीचा उंबरा म्हणत. तो उंबरा त्यांनीच महिन्यापूर्वी ठोकून पास केला होता.

मालक भला माणूस. "जाऊ द्या काका, जुनी गाडी आहे, चालायचंच," म्हणाला.

शिवी दिली असती तर परवडली असती. कारण काकांना आतलं माहीत होतं. गेलं वर्षभर ठण्ण आणि बद्द त्यांच्या कानात सारखेच वाजत होते, आणि ते अंदाजपंचे गोल काढत होते.

काकांच्या गॅरेजच्या शेडमध्येच, दुसऱ्या अर्ध्यात, त्यांची बायको, म्हणजे काकू, कपडे शिवायच्या. त्यांना हे कधीच कळलं होतं. नवरा आपणहून कधी सांगतो, याची त्या वाट बघत होत्या.

अशात नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुणाऱ्या. गाडी सव्वीस वर्षांची. ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसत होता.

"शुक्रवारी आरटीओची तपासणी आहे, काका. नापास झाली की थेट भंगारात. मग माझ्या नऊ म्हाताऱ्यांकडे मी काय उडत जाऊ?"

"दुसरीकडे न्या."

"दुसरीकडूनच आले. त्याने भोकांत पुट्टी कोंबून रंग मारला. तीन महिन्यांत गळून पडली."

"मी धंदा बंद करतोय."

शिलाई मशीन थांबलं. "हो का? कधीपासून?" काकू म्हणाल्या. "मला कळवायचं राहून गेलं वाटतं." मग नर्सबाईंकडे वळून, "चावी ठेवून जा गं. बघू आपण."

नर्सबाई गेल्यावर काका उसळले. "बघू आपण? बघणार कोण? मला ठोक्यातला फरक ऐकू येत नाही, एवढंच वदवून घ्यायचं होतं ना तुला? घे, वदलो."

"झालं? सुटलात. आणा ती हातोडी इकडे."

"पत्रा म्हणजे परकर नव्हे."

"विरलेल्या कापडावर ठिगळ लावलं की ठिगळ राहतं आणि कापड जातं. म्हणून शाबूत धाग्यापर्यंत कातरायचं, मग जोडायचं. तुमचं यापेक्षा वेगळं काय असतं, सांगा."

काकांनी हातोडी पुढे केली.

काकू ठोकत सरकू लागल्या. दाराचा पत्रा हलू नये म्हणून काकांनी आतल्या बाजूने तळहात टेकवला, आणि मध्येच त्यांना थांबवलं.

"पुन्हा मार. तिथेच."

"ऐकू आलं नाही?"

"ऐकायचंय कुणाला. मार तू."

शाबूत पत्र्याचा थरथराट सगळ्या तळहातावर पसरत होता, अगदी कोपरापर्यंत गुदगुल्या. गंजलेला नुसताच एका जागी ढकलल्यासारखा लागायचा. काकांनी काकूंच्या डब्यातला कापडावर खुणा करायचा निळा खडू उचलला. काकूंचा पांढरा, काकांचा निळा. अख्खी गाडी तपासून झाली तेव्हा पांढरे गोल अकरा, निळे तेरा.

"माझे कान चांगले आहेत," काकू म्हणाल्या.

"माझा हातही."

ग्राइंडर लावला. वादातल्या पहिल्या गोलाखाली स्वच्छ चकचकीत पत्रा निघाला. कुणीतरी कधीकाळी केलेल्या वेल्डिंगच्या गाठीने काकांना चकवलं होतं. काकूंनी नुसती भुवई उचलली. दुसरा गोल होता उंबऱ्यावर. तिथे रंग उडाला आणि चहापत्तीसारखा तपकिरी चुरा भुरभुरला. बोट आरपार गेलं.

"फिट्टंफाट," काकू म्हणाल्या. "जास्त फुशारायचं कारण नाही."

पुढचे तीन दिवस गंज कातरण्यात गेले, चकचकीत कड लागेपर्यंत. ठिगळांचे पुठ्ठ्याचे नमुने काकूंनी बेतून कापले, चारी बाजूंनी जोडासाठी बोटभर माया सोडून. काकांनी त्याबरहुकूम पत्रा कापला आणि दूरदूर टाके मारले, कारण सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. उंबऱ्याच्या तळाला पाणी निथळायची बारीक छिद्रं असतात. पुट्टीवाल्याने तीही बुजवली होती, म्हणून तर आत पाणी साचून सगळं सडलं. काकांनी ती मोकळी केली आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून आतून मेण फवारलं.

गुरुवारी नर्सबाई गाडी न्यायला आल्या. काकांनी चावी मुठीतच धरून ठेवली.

"आधी एक ऐका. माझे कान गेलेत. गेल्या वर्षभरातलं माझं तपासणं भरवशाचं नव्हतं. ही गाडी हिने ठोकलीय आणि मी हाताने पारखलीय. पटत नसेल तर उद्या जाण्याआधी दुसऱ्या कुणाला दाखवा."

काकू टाचण्या वेचत राहिल्या. एक टाचणी त्यांनी तीनदा उचलली.

नर्सबाई उकिडव्या बसल्या. डाव्या हाताचं बोट उंबऱ्यावर ठेवून त्यावर उजव्याने टिचकी मारत त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या.

"डॉक्टर छातीवर ठोकतात ना, काका, तेव्हा अर्धं बोटालाच कळतं. आमच्यात त्याचं कुणाला नवल वाटत नाही." हात झटकत त्या उठल्या. "पण कानाच्या डॉक्टरकडे जायचं. ते चुकणार नाही."

"जाईन."

"सोमवारी," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी फोन काकूंनीच घेतला. ऐकलं, ठेवला, आणि ओठांत दोरा धरूनच म्हणाल्या, "पास. तपासनिसाने उंबऱ्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघितला. हलला नाही म्हणे पत्रा."

काकांनी मान डोलावली. हातोडीचं तोंड पुसायला घेतलं.

"मंगळवारी तुला शिवणाची घाई आहे का गं?"

"का?"

"पिवळ्या जीपवाला आला होता. तळ पार चाळण झालाय. तुला विचारून सांगतो म्हटलं."

काकूंनी दोरा तोडला. "सांगा हो म्हणून. पण मला ही हातोडी जड होते. दांडा आखूड करून द्या आधी."