खंडू सुताराचं चाडं

राज्याची बुद्धी किती जागी आहे, हे त्यानं वर्षभरात दिलेल्या पेटंटांवरून ओळखावं — हे थोर वाक्य माझं आहे. जिल्ह्याच्या सालाना अहवालात मी ते लिहिलं, आणि वरिष्ठांनी ते दोनदा वाचून घेतलं. त्या वाक्याखाली काय पुरलं आहे, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी बीडच्या कचेरीत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करणारा कारकून. पेटंटांची यादी उतरवून काढणं माझ्याकडं. कंदिलाची काच, कुलपाचा मुखडा, दौतीचा घाट — नुसत्या आकाराचंही पेटंट असतं, हे मला तिथंच कळलं. नावं सगळी सातासमुद्रापलीकडची. कल्पना त्यांच्या, शिक्का आमचा. आणि बेरीज निजामाच्या रयतेच्या हुशारीत. मला हसू यायचं. पण हसणाराच ती यादी सुवाच्य अक्षरात उतरवत असेल, तर त्या हसण्याला काय किंमत?

माझं गाव तलवाडा. तिथं खंडू सुतार होता. त्याची बायको गंगाबाई — तिच्यासारखी मूठ पंचक्रोशीत नव्हती. तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, तिनं मूठ धरली की तिन्ही नळ्यांतून ज्वारी सारखी पडायची. पेरणीसाठी लोक तिला आधीपासून सांगून ठेवत. मग गाडीच्या चाकाखाली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि बोलावणी थांबली.

खंडूनं बाभळीच्या लाकडात नवं चाडं कोरलं — आतून उतरतं, तीन पाकळ्यांचं. मूठ कशीही सुटो, बी तिन्हीकडं सारखं जायचं. गंगाबाई पुन्हा पेरणीला जाऊ लागली. गावानं मागितली तशी त्यानं आणखी चाडी करून दिली, बलुत्यातच. त्यावर नाव कोरलं नाही. बलुत्याच्या कामावर कोण नाव कोरतं?

पुढं अवजारांच्या एका विलायती कंपनीचा साहेब दौऱ्यावर आला. दुभाषा मी. तलवाड्याच्या शिवारात मीच त्याला ते चाडं दाखवलं — हो, मीच. आपल्या गावची अक्कल दाखवायची हौस. त्यानं ते हातात फिरवलं, कागदावर त्याचं चित्र काढलं, आणि विचारलं, हे कोणाचं?

खंडू वीस पावलांवर तिफणीची पाचर ठोकत होता.

मी म्हणालो, कोणाचं नाही. गावाचं आहे.

का म्हणालो? बलुत्याची रीत समजावत बसायचा कंटाळा? एवढ्या मोठ्या माणसाला सुताराकडं वळायला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून? दोन्ही. आणि तिसरंही — साहेब माझ्याशी बोलत होता, आणि त्यात मला वाटेकरी नको होता.

पुढच्या यादीत ते चाडं होतं, कंपनीच्या नावावर. हरकत घ्यायला मुदत होती. कागद माझ्याच टेबलावर होता. मुदत गेली — गेली काय, मी जाऊ दिली. त्याच यादीवरून मी ते थोर वाक्य लिहिलं आणि शाबासकी घेतली.

मग मनाईहुकूम आला: हा आकार कंपनीच्या परवानगीशिवाय कुणी बनवू नये. तलवाड्याच्या चावडीवर तो मराठीतून वाचायला मलाच धाडलं.

"म्हंजी म्या केलेलं म्याच करायचं न्हाई?" खंडूनं मला विचारलं. "कावून, नाना?"

"उद्या बाज ठोकायलाबी साहेबाचा हुकूम लागंल बे, खंड्या!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चावडी हसली.

गंगाबाई हसली नाही. "माझ्या हातासाठी केलतं की ह्यांनी. नाना, तुमाला तर ठावं हाय."

मला ठाऊक होतं. कागदाची घडी घालत मी म्हणालो, "कायदा आहे."

खंडू सरकारला भिणारा. त्यानं त्याच दिवशी घरोघरची चाडी गोळा केली आणि फोडली. गंगाबाईचं सगळ्यांत शेवटी. त्या हंगामापासून तिला पेरणीला कुणी बोलावलेलं नाही. खंडू मला अजून रामराम घालतो. मी तो घेतो.

कंपनीनं ते चाडं आजतागायत एकही बनवलेलं नाही.