थंडी न बघितलेल्या माणसांची बांधाबांध

सोलापूरच्या थंडीबद्दल मला बोलायला लावू नका. पौषात पहाटे एक वारा सुटतो, शुक्रवार पेठेच्या तोंडाशी येतो, भिंतीला हात लावून बघतो आणि चटका बसला की माघारी जातो. झाली थंडी. उन्हाळ्यात तर आमच्या गल्लीतलं कुत्रं सावलीसाठी दुसऱ्या कुत्र्याच्या पोटाखाली शिरायचं, ते दुसरं तिसऱ्याच्या. अशी सात कुत्र्यांची उतरंड मी या डोळ्यांनी मोजलेली आहे.

अशा गावातल्या माणसांवर दिल्लीच्या हिवाळ्याची बांधाबांध करायची पाळी आली.

माझा थोरला भाऊ, दादा, चार वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका गिरणीत मुकादम म्हणून गेला होता. त्याच्याकडून पत्र आलं, पण अक्षर परक्याचं. छातीला धरलंय, अंथरुणावर आहे, घरच्या कुणीतरी येऊन घेऊन जावं. मीच वाचून दाखवलं. आई रडली नाही. चुलीपुढून उठून माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "त्याला हितं आण. जिता आण. मला त्याचं त्वांड बघायचंय."

"आणतो की," मी म्हटलं. बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितल्यासारखं म्हटलं.

शेजारी एक म्हातारे हवालदार राहायचे. जर्मनच्या लढाईत विलायतेकडं जाऊन आलेले. तिकडच्या बर्फात पायाची बोटं ठेवून आलो म्हणायचे. कधी दोन बोटं सांगत, कधी चार, आणि पायात कायम मोजे, त्यामुळं गल्लीत कुणाला खातरजमा करता आली नाही. सबंध पेठेत थंडी बघितलेला माणूस तो एकच. त्यांनी ओट्यावर बसून निकाल दिला.

"लोकर. दुसरं काय बी न्हाय, लोकर. सुतानं थंडी हटत न्हाय. सांगोल्याकडचे धनगर बाजारात आलेत. दोन घोंगडी घ्या आन् आजच्या गाडीनं पोराला घाला."

आबा, म्हणजे आमचे वडील, मागावरून उतरले नाहीत. लुगडं विणता विणताच म्हणाले, "हवालदार, ह्या घरात तीन पिढ्यांत दुसऱ्यानं विणलेलं पांघरूण आलं न्हाय."

"दिल्लीच्या थंडीला तुमच्या पिढ्या ठाऊक न्हाईत, आबा."

हवालदारांनी जाऊन एका धनगराला दाराशीच आणला. त्यानं काळं घोंगडं ओट्यावर पसरलं. "घ्या की मालक. मेंढरानं चार हिवाळं अंगावर काढल्यात ह्याच्यात, मग मला दिलंय." आबांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये काठ धरला, डोळे मिटून चोळला. आम्हा मागवाल्यांना कापड डोळ्यांनी दिसत नाही, असं ते बोटांनी बघावं लागतं. मग त्यांनी घोंगड्याची घडी घातली, अगदी काठाला काठ लावून, आणि परत दिली.

"झकास हाय. पण माझ्या लेकाच्या अंगावर माझ्या मागाचं कापड जाईल."

"आवं, गाडी आज हाय," आई म्हणाली.

"मग काय उघडा पाठवू?"

मी तरी बोलायचं होतं. मी थोबाड चालवण्यात सबंध पेठेत पहिला, आणि त्या दिवशी मी मुकाट कुंचा शोधायला गेलो.

आबांनी चार पदरी सूत काढलं. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या धाग्यांचा ताणा लावला आणि बापलेक कुंच्यानं खळ चोपडत फिरलो. याला आम्ही पांजणी म्हणतो. पांजणी केली की सूत तुटत नाही, आणि कापड हातात घेतलं की जड लागतं. व्यापारी जड कापडाला मान डोलावतो. चाळीस वर्षं आबांनी ती मान डोलावलेली बघितली होती, त्यामुळं त्यांच्या हिशेबी जड तेच उत्तम आणि जड तेच उबदार. एरवी एकदा पांजणी करायचे. या खेपेला तीनदा केली.

आठ दिवस गेले. रोज दुपारी उत्तरेकडची गाडी शिट्टी मारायची आणि आई हातातलं काम थांबवून ती विरेपर्यंत ऐकायची. त्या आठ दिवसांत तिनं इतके तिळाचे लाडू वळले, की दिल्लीच्या किल्ल्याची तटबंदी दुरुस्त झाली असती.

एक माझा आणि एक दादाचा असे दोन कोट शिवायचे ठरले. दादाचं माप कुणापाशी नव्हतं. आईनं शिंप्यापुढं दोन्ही हात फाकले. "एवढा हाय माझा."

"मावशी, हे माप दाराचं की माणसाचं?"

"तू शीव. उगं माझ्या लेकाला बारीक करू नगंस."

कोट शिवून आले. भुईवर ठेवले तर कोट आपापले उभे राहिले! ओट्यावर उभ्या असलेल्या कोटाला एका पाहुण्यानं राम राम घातला, आणि उत्तर मिळालं नाही म्हणून तो रागावून निघून गेला. आई म्हणाली, एकदा पाण्यातून काढू, खळ जरा उतरेल. आबा कडाडले. कोरं कापड पहिल्यांदा अंगावर घालायच्या आधी भिजवायचं नसतं, त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावायचं आणि तसंच चढवायचं. "आजारी लेकाला धुतलेलं घालतीस?" आईनं कुंकवाचा करंडा आणला.

निघायच्या दिवशी मला दोन बंड्या, सदरा, आबांची बाराबंदी, त्यावर तो कोट आणि डोक्याला पंचा असा सजवला. मला गुडघे वाकवता येईनात. दोघांनी मला कपाट चढवावं तसं टांग्यात चढवलं. बाहेर ऊन असं, की घोडासुद्धा माझ्याकडं वळून वळून बघत होता. गठुड्यात दादाचा कोट, भाकरी, शेंगाचटणी, लाडू आणि करडईच्या तेलाची बाटली. हवालदारांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून जुन्या वर्तमानपत्रांची चळत माझ्या हातात कोंबली. "थंडी वाजली की सदऱ्याच्या आत छातीला लाव. बापाला सांगू नगंस."

दौंडला गाडी बदलली, मनमाडला बदलली. इटारसीच्या पुढं थंडी सुरू झाली आणि झाशीनंतर धुकं डब्यात येऊन बसलं. तिकीट न काढता बसलं. कोटानं ते धुकं पिऊन घेतलं. तीन पांजण्यांची खळ फुगली, सुटली, ओघळली, आणि मी कांजीचं पातेलं होऊन बसलो. आग्र्याला एका शेळीनं खिडकीत तोंड घालून माझी बाही चाटली, यात तिळमात्र खोटं नाही. छातीवरची वर्तमानपत्रं नसती तर पुढचं लिहायला मी नव्हतो.

गिरणीमागच्या एका खोलीत खाटेवर रजई होती आणि रजईत नाक होतं. तो दादा. शेजारचा कामगार म्हणाला, "गेल्या आठवड्यात उठून बसत होते. दारापर्यंत येऊन वाट बघायचे." डॉक्टर आला, छातीला नळी लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, आता हलवण्यात अर्थ नाही.

दादानं रजईतून हात काढला. माझी ओली बाही अंगठा आणि बोटात धरून चोळली.

"चार पदरी," तो म्हणाला. "तीनदा पांजणी केली व्हय रं आबांनी?"

"व्हय."

"तरीच एवढा उशीर." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "आईकडं ने."

शेजाऱ्यानं ती रजई देऊन टाकली आणि सोलापूरला तार केली. परतीला त्याला बांधायचं काम माझं एकट्याचं. आईनं हात फाकून दिलेल्या मापाच्या कोटात दोन दादा मावले असते. मी त्याला त्यात घातला, मोकळ्या जागेत वर्तमानपत्रं भरली आणि रजई गुंडाळली. भुसावळच्या पुढं हवा तापली. मनमाडला त्यानं चार घोट चहा घेतला. दौंडला सकाळची गाडी धरली तेव्हा म्हणाला, "उकडाय लागलं बघ," आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

केमच्या अलीकडं ती मान जड झाली.

केमला एक शेतकरीण बाई पेरूंची पाटी घेऊन समोर बसली. पुढं कुर्डुवाडी होतं. तिथं रेल्वेच्या माणसाला कळलं असतं तर त्यानं दादाला फलाटावर उतरवला असता, आणि आई सोलापूरला उभी होती. म्हणून मी तोंड उघडलं. दादाकडं बघत, मोठ्यानं, गल्लीच्या गोष्टी सुरू केल्या. सात कुत्र्यांची अकरा केली. कोटाला पाहुण्याशी भांडायला लावलं. शेळीनं तर बाही खाऊन वर पावती मागितली. डबा हसून हसून लोळत होता. कुर्डुवाडीला तिकीट तपासनीस चढला तोही हसतच उतरला.

"आवं, भावाला उठवा की," ती बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आमी एवढं हसतोय आन् त्ये झोपल्यात."

"त्याला समद्या पाठ हायत, मावशी."

माढा गेलं. मोहोळच्या आधी तिचं हसू थांबलं. ती दादाच्या पायांकडं बघत होती. मग तिनं पेरूंची पाटी उचलून त्याच्या पायांपुढं ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये अशी, आणि खाली बघत म्हणाली, "बोला. थांबू नगा."

सोलापूर आलं तेव्हा माझा आवाज बसला होता. आई फलाटावर डब्यामागून डबा बघत पळत होती. आबा तिच्या मागं, टांगेवाल्याला हातानं थांब म्हणत. आईनं खिडकीचे गज धरले.

"आणलास का रं?"

"आणलाय," मी म्हटलं.

माझ्या आधी ती केमची बाई खाली उतरली आणि, ओळख ना पाळख, तिनं आईचा दंड घट्ट धरला.