तिसरी बाटली

अन्न तपासणीच्या खात्यात नोकरी म्हटली की लोकांना वाटतं, काय तो रुबाब. डोंबलाचा रुबाब. एकतीस वर्षं दुकानांच्या पायऱ्या चढून तपासनीस साहेबांच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती, आणि पकडलेले म्हणाल तर बहुतेक सगळे मोकळे फिरत होते. ऑफिसात त्यांना 'थेंबमास्तर' म्हणत. दुधाचा नमुना तीन बाटल्यांत घ्यायचा, प्रत्येकीत दूध टिकवणाऱ्या औषधाचे थेंब टाकायचे, मगच लाखेचं सील. नव्या लोकांच्या डोक्यात हे त्यांनी इतक्यांदा भरवलं होतं, की ते पाठीमागे त्यांची नक्कल करत.

आणि घोळ घातला तो त्यांनीच. सहा वर्षांपूर्वी, कोपऱ्यावरच्या डेअरीत. तिथल्या दुधापायी शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं तान्हं पोर मरता मरता वाचलं होतं. साहेब थेंब मोजत असताना ती आत आली आणि हमसून हमसून रडायला लागली. "दादा, याला सोडू नका." साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, "नाही सोडत, ताई," म्हणाले, आणि तिसरी बाटली तशीच सील केली.

पहिल्या बाटलीत धुण्याचा सोडा सापडला. खटला उभा राहिला. डेअरीवाल्याने फेरतपासणी मागितली आणि कोर्टाने पाठवली नेमकी तिसरी बाटली. अहवाल आला: दूध नासलेलं, तपासणी अशक्य.

"थेंब टाकले होते म्हणा," सरकारी वकील कोर्टाच्या जिन्यात म्हणाले. "दोष प्रयोगशाळेच्या फ्रिजवर जाईल, आपला पहिला अहवाल टिकेल. नाहीतर सुटलाच तो."

आत कोर्टात बाई शेवटच्या बाकावर बसली होती. सहा वर्षांत तिने एक तारीख चुकवली नव्हती. साहेबांच्या अगदी जिवावर आलं. आजवर शेकडो वकिलांनी त्यांना खोटारडा म्हटलं होतं, आणि तेवढं एक ते नव्हते.

"तिसरीत टाकायचे राहिले," ते म्हणाले.

"का राहिले?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझं लक्ष नव्हतं." बाईचा विषय त्यांनी काढला नाही. डेअरीवाला सुटला.

बाहेर ती म्हणाली, "दोन महिन्यांनी तुम्ही रिटायर होणार. एवढं एक खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. साहेबांना फार वाईट वाटलं. घरी जाऊन ते जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुन्यांची पेटी घेऊन ते तिच्याकडे गेले. "त्याच डेअरीत नवा नमुना घ्यायचाय. पंच म्हणून सही करायला येता? अख्ख्या गल्लीत कोणी तयार होत नाही." उद्या डेअरीवाल्याचा वकील तिच्या सहीवरूनही खुसपट काढेल हे त्यांना ठाऊक होतं. काढू दे. बाई मशीन थांबवून उठली.

"या साहेब, बसा," डेअरीवाला हसत म्हणाला. साहेब बसले नाहीत. तीन बाटल्या ओळीने मांडून त्यांनी दूध भरलं. बाईने काही बोलायला तोंड उघडलं.

"ताई, थेंब पडेस्तोवर माझ्याशी बोलू नका."

दोन बाटल्या झाल्या. तिसरीवर साहेबांचा हात आला, तसा तिचा चेहरा उतरला.

"त्या दिवशी मी आले, म्हणून...?"

साहेबांनी थेंब मोजून संपवले. मग म्हणाले, "एवढं झाकण धरा. आणि सही इथे करा."