नकाशातून काढलेला ठिपका

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला डेटा व्हिज्युअलायझेशन होतं. म्हणजे आकडे चित्रातून दाखवायचे. शिकवणाऱ्या सरांना आकड्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांचा सगळा जीव रंगांवर. एका मुलीने पुराचं पाणी तपकिरी दाखवलं तर म्हणाले, "निळं कर, प्रसन्न वाटतं." गोदावरीचा पूर ज्याने एकदा तरी पाहिलाय त्याला विचारावं, पाणी निळं असतं का. पण सरांना विचारायची सोय नव्हती, गुण त्यांच्या हातात होते.

प्रोजेक्टला मी आमच्या शहरातल्या द्वारका चौकातल्या अपघातांचा नकाशा घेतला. कारण घरातलंच होतं. पप्पा सिन्नरला कारखान्यात फिटर. सकाळच्या पाळीला निघालेले असताना याच चौकात, पुलाखाली, एका टेम्पोने त्यांची स्कूटर उडवली. पायात रॉड घालावा लागला आणि चाल कायमची वाकडी झाली. टेम्पो थांबलाच नाही, मग तक्रार कोणाची करायची, म्हणून ते पोलिसांत गेलेच नाहीत. विषय ऐकून मात्र खूश झाले. "मंग त्यात माझाबी ठिपका येईल की!" तेव्हापासून रोज विचारायचे, कुठवर आलं.

पोलिसांकडच्या यादीतले अपघात मी निळ्या ठिपक्यांनी दाखवले, पण त्या यादीत पप्पांसारखे कितीतरी जण नव्हते. म्हणून मी चौकातल्या पंक्चरवाल्या चाचांकडे चार संध्याकाळी जाऊन बसले. कोण कुठे पडला, कोणाला त्यांनी स्वतः उचलून रिक्षात घातलं, सगळं त्यांना तोंडपाठ. रिक्षावाल्यांना विचारून मी ते पडताळलं आणि त्या अपघातांचे ठिपके लाल केले. पप्पांचाही लालच.

"हे काय, गोवर आल्यासारखं!" सर म्हणाले. "लाल काढून टाक. पंक्चरवाला हा काय सोर्स झाला? नोंद नाही म्हणजे डेटा नाही. आणि जरा मोकळी जागा सोड, छान दिसतं."

कँटीनमध्ये सरांची हुबेहूब नक्कल करणारी मी, त्यांच्यासमोर शेपूट घातली. एका क्लिकमध्ये लाल ठिपके गेले.

प्रदर्शनाला कुठल्याशा समितीचे पाहुणे आले. माझ्या नकाशावरचे मूठभर निळे ठिपके बघून म्हणाले, "अरे वा, द्वारका तर चांगली सुरक्षित आहे की!" सर लाजले. टाळ्या पडल्या. ज्याने तो चौक कधी पायी ओलांडला नसेल त्याने हे सर्टिफिकेट द्यावं आणि आम्ही शिकलेल्यांनी टाळ्या पिटाव्यात! लाज कशी ती कोणालाच नव्हती, मलाही नाही.

पप्पा रजा टाकून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पाहुणे पुढे गेल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि नकाशावर बोट फिरवत चौकापर्यंत आले. पुलाखालचा तो कोपरा सापडला. तिथे कोरा कागद होता.

"माझा कुठंय?"

"पोलिसांत नोंद नाही ना पप्पा. नोंद नाही म्हणजे डेटा नाही."

या वेळी मी नक्कल करत नव्हते.

त्यांनी एकदा स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "मंग मी काय हौसेनं लंगडतो का?"

तेवढ्यात सर आले. पाहुण्यांना माझाच नकाशा सगळ्यात आवडला होता, मला पैकीच्या पैकी गुण. पप्पा एव्हाना कठडा धरून जिना उतरायला लागले होते. मी सरांना "थँक यू, सर" म्हणाले.