जेवढं काढलं तेवढं

अण्णा गेल्याचं मला नंतर कळलं. आधी कळलं ते गाडी अडल्याचं. सकाळची वेळ, मी दुधाकडे लक्ष ठेवून उभी, आणि सुधावहिनीचा फोन आला. "नलू, इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे जात नाही. यशवंतपूरच्या पुलाच्या चढावर आहोत. हे म्हणतायत, तेल कमी पडलंय." माझ्या तोंडाला लगाम नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, "गाडी गेली खड्ड्यात, तुम्ही दोघं सकाळी सकाळी निघालात कुठे?" पलीकडे हॉर्नचा गोंगाट चालला होता. मग ती म्हणाली, "ह्यांना रक्ताची उलटी झाली..." तेवढ्यात एका ऑटोवाल्याने त्या दोघांना आपल्या ऑटोत घेतलं, गाडी चढावरच राहिली. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा वहिनी बाकावर बसली होती आणि तिच्या मुठीत गाडीची किल्ली होती. माझा थोरला भाऊ तोवर गेला होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता, आतून बरेच दिवस रक्त जात होतं. मला ते पटलं. वहिनीला आजही पटलेलं नाही.

आमचे वडील साताऱ्याकडून नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इथलेच होऊन गेले. अण्णाही इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. थोडं थांब म्हणायचं तर आम्ही 'स्वल्प थांब' म्हणतो, आणि बरं म्हणायचं तर 'सरी'. अण्णाला मूलबाळ नव्हतं. तो, वहिनी, आणि दोन गल्ल्या सोडून राहणारी मी, एवढाच आमचा पसारा. निवृत्तीनंतर त्याने देवनहळ्ळीच्या पलीकडे घेऊन ठेवलेल्या जमिनीत पेरू आणि चिकू लावले, आणि मग एके दिवशी दारात हा भला मोठा पिकअप आणून उभा केला. मी म्हटलं, "अण्णा, ह्या वयात लोक काठी घेतात, तू टेम्पो घेतलास." तो म्हणाला, "टेम्पो नाही. ऑटोमॅटिक आहे. आत बसून बघ, क्लच नाही." मला कुठे क्लचचं कौतुक? पण वहिनी गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि खिडकीतून आत बघत राहिली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

वहिनीचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक आहे. ती चालते, पायऱ्या चढते, पण क्लच दाबण्याइतकं बळ त्या पायात कधीच नव्हतं. आयुष्यभर ती दुसऱ्याच्या शेजारी बसून गेली. अण्णाने तिला जमिनीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर शिकवलं. तो बाहेर उभा राहून सांगायचा, ती आत. साठी उलटल्यावर तिने परवाना काढला, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा हेब्बाळच्या गर्दीतून गाडी घरी घेऊन आली त्या दिवशी तिने मला आरतीचं ताट आणायला लावलं. ओवाळायचं कुणाला, गाडीला की तिला, ह्यावर आम्ही वाद घातला. अण्णा पेरूच्या टोपल्या उतरवता उतरवता म्हणाला, "आता मला काही झालं तरी काळजी नाही. ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायला नको. सुधा नेईल." वहिनीने हे वाक्य मनात जपून ठेवलं होतं. ती माझ्याजवळ पुन्हा पुन्हा म्हणायची, ह्यांनी मला उभं आयुष्य नेलं, एकदा तरी मी ह्यांना नेईन. असलं काही बोलू नये असं मी तिला दटावायचे.

तर त्या गाडीचा गिअरबॉक्स. सर्व्हिसवाले म्हणायचे, सर, ह्याचं ऑइल कधीच बदलावं लागत नाही, कारखान्यातून भरून येतं ते आयुष्यभराचं. अण्णाला हे पटणं शक्यच नव्हतं. "कधीच बदलायचं नाही असं तेल जगात नसतं, नलू. डब्यातल्या गोडेतेलालासुद्धा वास येतो." मग तो ते घरीच बदलू लागला. त्यासाठी आधी पोर्च उखडला. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी बघायला गाडी अगदी सपाट उभी लागते, आणि आमच्या पोर्चला पाणी वाहून जावं म्हणून उतार होता. अण्णाने मिस्त्रीला शेजारी बसवून, जागोजागी पाणसळ ठेवून, तो पोर्च थाळीसारखा सपाट करून घेतला. परिणाम असा की पाऊस पडला की पोर्चात तळं साचतं आणि वहिनी खराटा घेऊन ते गेटबाहेर ढकलत बसते. मी ह्यावरून अण्णाला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, "पाणी खराट्याने निघतं, नलू. उतार खराट्याने निघत नाही."

तेल बदलायच्या दिवशीचं आमचं काम ठरलेलं असे. वहिनी आधी गाडी जरा फिरवून आणायची, म्हणजे तेल कोमट होतं. मग अण्णा जुनी चटई अंथरून गाडीखाली सरपटत जायचा. पिकअप उंच, त्यामुळे जॅकबिक लावावा लागत नसे. खालचं बूच उघडलं की घमेल्यात तेल पडायचं. नवं असतं तेव्हा ते डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं, निघतं तेव्हा चिंचेच्या कोळासारखं झालेलं असतं. सगळं एकदम निघत नाही, निम्म्याहून जास्त आतच अडकून राहतं. म्हणून थोडं काढायचं, थोडं नवं घालायचं, काही दिवस गाडी चालवायची आणि पुन्हा तेच. घालायचं तेही खालूनच, हातपंपाने, आणि पंपाचा दांडा मारायचं काम माझ्याकडे. नंतर अण्णा बाहेर येऊन ड्रायव्हरच्या खिडकीशी उभा राहायचा. वहिनी आत, पाय ब्रेकवर, इंजिन चालू. गिअरचा लिव्हर कोणत्या अक्षरावर न्यायचा ते तो सांगायचा, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळा, डी म्हणजे पुढे. "आता आर. स्वल्प थांब. आता एन. स्वल्प थांब. आता डी." आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "सरी." असं नवं तेल सगळीकडे फिरलं की लिव्हर परत पीवर, म्हणजे पार्किंगवर, आणि मग शेवटची तपासणी. करोनाच्या काळात कपाळाला लावायचं ते बंदुकीसारखं थर्मामीटर आमच्याकडे पडून होतं, ते अण्णा गाडीखाली न्यायचा आणि ओरडायचा, "ताप आलाय, आता बघतो." तेल ठराविक गरम झालं की बाजूचं एक बूच उघडायचं. बारीक धार लागून थांबली तर पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर आत कमी आहे.

पण ह्या तपासणीच्याही आधी आमच्या घरचा एक नियम होता, आणि तो आईचा. शेजारच्या अक्कांकडून साखर आणली तर ज्या वाटीने आणली त्याच वाटीने, तेवढीच, परत. कमी नको, जास्तही नको, जास्त दिली तर समोरच्याला ओशाळल्यासारखं होतं. अण्णाने हा नियम गिअरबॉक्सला लावला होता. जुनं तेल तो पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून पायरीवर ओळीने मांडायचा आणि तशाच बाटल्यांनी नवं मोजायचा. जेवढं काढलं तेवढं घालायचं. मग धार बघायची ती केवळ खात्रीसाठी. दर वेळी ती बरोबर लागायची आणि त्याचा चेहरा असा फुलायचा की जणू आईनेच पाठ थोपटली.

यंदा गणपतीच्या आधी त्याने पुन्हा तेल काढलं. तोवर तो फिकट दिसायला लागला होता, दोन पायऱ्या चढला की धाप लागायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फारच कमी निघालं. ते म्हणाले, दुर्बिणीतून पोट बघायला हवं. अण्णा म्हणाला, गणपती होऊ देत. तोवर लोहाच्या गोळ्या घेतो, बीट खातो, जेवढं कमी आहे तेवढं भरून निघेल. इंजिनिअर माणूस, त्याला हिशेब कोण शिकवणार? त्या दिवशी तो गाडीखालून बाहेर आला तेव्हा घामाने चिंब होता आणि पायरीवर बसला तो बसूनच राहिला. बाटल्या शेजारी होत्या, जुन्या आणि रिकाम्या झालेल्या नव्या, दोन्हींची ओळ सारखी. वहिनीने इंजिन चालू ठेवून विचारलं, "अहो, धार बघायची ना?" तो म्हणाला, "आज राहू दे. जेवढं काढलं तेवढं घातलंय." आम्हा दोघींनाही ते पुरेसं वाटलं. त्या घरात त्याहून मोठा पुरावा नव्हताच.

गाडी उचलून आणल्यावर गॅरेजवाल्याने खाली बघून सांगितलं की गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूचं, तेल अडवणारं एक रबरी सील गेलं होतं. गाडी उभी असताना थेंबही पडत नव्हता, चालतानाच गळत होतं, म्हणून पोर्चात कधी डाग दिसला नाही. म्हणजे अण्णाने काढलं तेव्हाच आत कमी होतं, आणि त्याने कमीच मोजून कमीच परत घातलं. उतारावर, सपाट रस्त्यावर चाललं. पुलाच्या चढावर संपलं. अण्णाच्या पोटाचंही तेच झालं होतं. भरत सगळे होते, कुठून जातंय ते दोन्हीकडे कुणी पाहिलं नाही. मी ह्यासाठी स्वतःला बोल लावत बसणार नाही, वहिनीलाही लावू देत नाही, आणि अण्णाला बोल लावायला तो जागेवर नाही. पण सांत्वनाला येणारे लोक म्हणतात ना, सगळं चांगल्यासाठीच होतं... त्यांना मी चहासुद्धा विचारत नाही.

त्या चढावरचं वहिनीने मला हळूहळू सांगितलं. तिने पाय रेटला, इंजिन ओरडलं, गाडी मागे सरकायला लागली. अण्णाचा सदरा पुढून लाल झाला होता. तो म्हणाला, "तेल कमी पडलंय, सुधा. मी खालून बघायला हवं होतं. पीवर टाक, हँडब्रेक ओढ." तिने ओढला. मग ती ऑटो थांबवायला दार उघडून उतरू लागली तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "स्वल्प थांब." ती थांबली नाही. तिला वाटलं, ऑटोत बसल्यावर विचारू. ऑटोत तो काही बोलला नाही. त्याला काय म्हणायचं होतं, हे ती मला रोज विचारते. मी तरी काय सांगणार? मी म्हणते, हँडब्रेक नीट ओढ म्हणायचं असेल. तिला ते खरं वाटत नाही, मलाही नाही.

गाडी आता त्या सपाट पोर्चात उभी आहे. गिअरबॉक्स जळला आहे, दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं गॅरेजवाल्याचं मत पडलं. देवनहळ्ळीला जाणं सुटलं. पेरू झाडावर पिकून खाली पडत असतील आणि चहूकडच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटांवरची गुरं ते खात असतील. पायरीवरच्या बाटल्या मी उचलायला गेले तर वहिनी म्हणाली, राहू देत. रोज सकाळी ती पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसते. इंजिन लावत नाही, नुसती किल्ली फिरवते म्हणजे आतले दिवे लागतात, ब्रेकवर पाय ठेवते आणि लिव्हर एकेका अक्षरावर नेते, प्रत्येक ठिकाणी थांबून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला उठवायला गेले होते. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "नलू, तू बाहेरून म्हण. ह्यांच्यासारखं." कधी नव्हे ते वाद न घालता मी म्हटलं. तेव्हापासून रोज म्हणते.

आज सकाळी तिने किल्ली फिरवली तर एकही दिवा लागला नाही. बॅटरी उतरली होती. ही गाडी अशी की बॅटरी नसली तर लिव्हर पीवरून हलतच नाही. वहिनीने दोनदा जोर लावून पाहिला. रात्रीच्या पावसाचं पाणी पोर्चात साचलेलं, माझी पावलं त्यात बुडालेली. मी म्हटलं, "ऊठ आता, वहिनी, चहा थंड होतोय." ती तशीच बसून राहिली, हात लिव्हरवर, नजर समोरच्या बंद गेटवर. म्हणाली, "तू म्हण."

मी अण्णाच्या जागी, खिडकीशी उभी राहिले. "आता आर," मी म्हटलं. "स्वल्प थांब. आता एन. स्वल्प थांब. आता डी." लिव्हर पीवरच होता. वहिनी प्रत्येक वेळी म्हणाली, "सरी."