हिंमतच्या पाळीचं गाणं

हिंमत गेल्याचं मला कोणी फोन करून सांगितलं नाही. ती बातमी माझ्या टेबलावर आली. धुळ्यातल्या एका दैनिकात मी तालुक्यांची पानं लावतो. दुपारी पारोळ्याच्या वार्ताहराच्या मजकुरात चार ओळी होत्या: दुचाकी घसरली, तरुणाचा जागीच मृत्यू, पश्चात आई आणि विवाहित बहीण. नाव वाचून शंका आली, गाव वाचून ती फिटली. मी मथळा दिला, बातमी पानात बसवली आणि खाली जाऊन चहा घेतला. त्याला आता दीड महिना झाला. ज्या मित्रावर मी एकदा भर अभ्यासिकेत लबाडीचा आरोप केला होता, त्याच्याविषयी लिहायला एवढा वेळ गेला.

आम्ही जळगावात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. अभ्यासिका नानांची होती. ते निवृत्त शिक्षक, शिस्तीचे. सकाळी सातपासून बोलणं बंद. दुपारी चारला पंधरा मिनिटांची सुटी, आणि त्या सुटीत रोज एकाने आपल्या आवडीचं एक गाणं मोबाइलवर सगळ्यांना ऐकवायचं, अशी नानांचीच पद्धत. ज्याला गाणं ऐकवायचं नसेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. माझ्या पाळीला मी जुनी हिंदी गाणी लावायचो. फैजपूरचा सचिन लग्नाच्या वरातीतली लावायचा आणि खुर्चीवर बसल्या बसल्या खांदे उडवायचा. दिवसभर कलमं, नद्या, समित्या. त्यात ती चार-पाच मिनिटं आमच्या मालकीची होती. आजही त्यातलं एखादं गाणं कानावर पडलं की कोण कोणत्या खुर्चीवर बसायचं ते आठवतं...

हिंमत मात्र दर पाळीला उठून कप गोळा करायचा. खरं तर आमच्यात सर्वांत जास्त वेळ इअरफोन त्याच्याच कानात असत. कोणी विचारलं तर म्हणायचा, “गाना शेतस रे भो, दुसरं काय?” सचिन म्हणायचा, “ह्याचं गाणं सरकारी दिसतंय. निकालानंतर जाहीर होईल.” सगळे हसायचे, हिंमतही हसायचा. मी हसत नव्हतो. मी हिशेब मांडत होतो. गाणी ऐकणारा माणूस मान हलवतो, बोटांनी ताल धरतो. हिंमत ऐकताना ओठ हलवायचा आणि मध्येच थांबवून तेच पुन्हा ऐकायचा. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा आमच्यापैकी तो एकटा पास झाला होता. माझा संशय त्या दिवशी पक्का झाला.

मग मी एक गोष्ट केली. तो कप धुवायला गेला असताना टेबलावरचा त्याचा चालूच राहिलेला इअरफोन उचलून कानाला लावला. मोजून दोन-तीन सेकंद. बाईचा आवाज होता, मागे कसल्या तरी यंत्राची घरघर, आणि शब्द स्पष्ट: “सरपंच... ग्रामसभा...” मी इअरफोन होता तसा ठेवला. मला हवा तो पुरावा मिळाला होता. पुण्याच्या एखाद्या महागड्या क्लासमधल्या मॅडमचं व्याख्यान कोणीतरी पंख्याखाली बसून टिपलेलं असणार, आणि हा ते आमच्यापासून लपवून ऐकत असणार.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सगळ्यांसमोर म्हणालो, “हिंमत, आज तुझं गाणं लाव. कप मी धुतो.”

“राहू दे ना भाऊ.”

“गाणंच आहे ना? मग लाव. की नोट्स आहेत? आम्ही आमच्या वह्या तुला दिल्या, आणि तू...”

त्याने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, “अरे, लावून टाक बाबा, विषय मिटेल.”

“लावता येवाव नही, नाना,” तो म्हणाला.

विषय तिथेच मिटला, पण मला हवा तसा. आठवडाभर कोणी त्याच्याशी धड बोललं नाही. आठव्या दिवशी त्याने वह्या पिशवीत भरल्या आणि गावी गेला. मुख्य परीक्षा त्याने घरीच अभ्यास करून दिली. त्यात तो राहिला. आमचंही काही झालं नाही. पुढे मी वर्तमानपत्रात आलो. दोन वर्षांत एकही फोन झाला नाही, माझ्याकडूनही आणि त्याच्याकडूनही.

दहाव्यानंतर मी त्याच्या गावी गेलो. खरं सांगायचं तर सांत्वनापेक्षा खात्री करून घ्यायला गेलो. त्याची थोरली बहीण, जिला तो अक्का म्हणायचा, माहेरीच होती. मी आडवळणाने विचारलं, तो कानात काय ऐकायचा. तिने माझं नाव ऐकलेलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. “तुम्ही संजूभाऊ ना?” एवढंच म्हणाली आणि तिचा मोबाइल पुढे केला.

तिच्या सासरी पिठाची चक्की आहे. हिंमत धड्याचा कागद पाठवायचा; ती त्याला कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, गाण्यांची चाल लावून, दुपारी चक्की सुरू असताना, तिच्या आवाजाआड गाऊन पाठवायची. ‘तापी माय चालनी सासरले, पूर्णा उनी भेटाले...’ पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, पूर्वेकडून पश्चिमेकडे, बरोबर क्रमाने. सुनेचा आवाज लोकांच्या मोबाइलवर फिरतोय हे सासूला खपलं नसतं. म्हणून तिने भावाला शपथ घातली होती.

म्हणजे माझा संशय अर्धा खरा होता. त्या नोट्स होत्या. आणि ती गाणीही होती. मी ऐकलं तेव्हा दोन सेकंद जास्त ऐकलं असतं, तर चाल कळली असती.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं. “लिखा. नाव नका टाकू,” ती म्हणाली. “सासूबाईंना मीच सांगितलं. आते लपाडीसन काय करू?”

त्याने यंदा पुन्हा अर्ज भरला होता. शेवटचा कागद अपघाताच्या आदल्या दिवशी आला होता: कोणी कोणाकडे राजीनामा द्यायचा, याची यादी. तिने तो दहाव्यानंतर गायला. “काही चुकलं शे का बघा. तोच तपासायचा,” ती म्हणाली.

मी शेवटपर्यंत ऐकलं. सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतीकडे, बरोबर. उपसरपंचाचाही तिने सभापतीकडेच दिला होता.

“तो सरपंचाकडे द्यायचा, अक्का.”

तिने मान हलवली, मोबाइल हातात घेतला, खाकरली आणि तेवढी ओळ पुन्हा गायली... या वेळी मागे चक्की नव्हती.