मास्टर ओरडेनासे झाले

मास्टरांचा राग सगळ्या गल्लीला पाठ होता. माप देताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की ते टेप खाली टाकत. "पोट घरी ठेवून आलात का? मग पँटही घरीच शिवा." आणि कटिंगची कात्री म्हणजे तर जीव की प्राण. बायकोने एकदा त्या कात्रीने कागद कापला, तर मास्टर दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते. ती मागच्या मशीनवर बसून काज-बटण, तुरपाई करायची आणि तोंडाने त्यांना पुरून उरायची.

तर हे मास्टर ओरडेनासे झाले. लोकांना काय, बरंच वाटलं. "वयाबरोबर माणसाळले हो," समोरचा चष्मेवाला म्हणाला. असल्या शहाण्यांना काय म्हणावं! माणूस गप्प झाला की सुधारला, हा मोठा सोयीचा समज आहे.

बायकोला मात्र बाकीचंही दिसत होतं. पहाटे तिला जाग यायची, तेव्हा मास्टर पलंगावरून पाय सोडून नुसते बसलेले असायचे. ताट पुढ्यात निवून जायचं. दुकानातला रेडिओ कधी बंद झाला ते कुणाला कळलं नाही, कारण तो बिघडला नव्हता, त्यांनी लावायचाच सोडला होता. त्यांच्या पँटची कंबर तिने दोनदा आत घेतली, त्यांनी विचारलंही नाही. काय होतंय म्हटलं की एकच उत्तर, "दमलोय." पित्त, वय, डोळ्यांचा नंबर, सगळी कारणं तिने लावून पाहिली. एकही बसेना.

मग एका शर्टाच्या दोन्ही बाह्या त्यांनी उजव्याच कापल्या. कापडाची सुलट बाजू न बघता कापलं की असं होतं. ही शिकाऊ पोरांची चूक. आता दुकान डोक्यावर घेणार, म्हणून ती तयारीतच बसली. मास्टरांनी बाह्या पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या.

"मला आता काही जमत नाही," ते म्हणाले. "तुझ्या गळ्यातली धोंड झालोय नुसता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्रीला तेल दिलं, पुसली आणि तिच्या मशीनवर आणून ठेवली. "ही तुला राहू दे."

"आणि तुम्ही काय दातांनी कापणार?" ती हसली.

"मला आता लागणार नाही."

तिने हातातलं काम खाली ठेवलं. असलं विचारू नये, विचारलं तर नसलेलं डोक्यात येतं, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. तिने सरळ विचारलं.

"अहो, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का तुमच्या?"

ते इस्त्रीने शिवण दाबत होते. "आहे," म्हणाले. गिऱ्हाइकाला गुरुवारी या सांगावं, तशा आवाजात.

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मनाच्या डॉक्टरांकडे फोन केला, आत्ता निघतोय म्हणून सांगितलं. भर दुपारी शटर अर्धं ओढलं, आणि मग तिला रडू आवरेना. मास्टर तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तू रडतेयस, ते दिसतंय मला," ते म्हणाले. "पण मला काहीच वाटत नाहीये गं."

"नाही वाटलं तरी चालेल," नाक पुसत ती म्हणाली. "चप्पल घाला."